सूर्य किती वाजता मावळतो, हे ठरवतं कोण?

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एका मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ती नुकतीच माद्रिदला राहायला गेली होती. तिच्याकडे रात्रीचे सव्वानऊ झाले होते आणि तिच्या मागच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. चांगलं लख्ख, पिवळं ऊन. मी म्हटलं, "अगं, हे काय, तुझ्याकडे दिवस मावळतच नाही का?" ती म्हणाली, "इथे पावणेदहापर्यंत असंच असतं. उत्तरेला आलो ना आपण."

त्या क्षणी मला ते पटलं. फोन ठेवल्यावर पटेनासं झालं. माद्रिद काही फार उत्तरेला नाही. नकाशा उघडून बघितलं, तर माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर निघाले, दोन्ही चाळीस अंशांच्या जरासे वर. म्हणजे २१ जूनला दोन्हीकडे सूर्य आकाशात सारखाच वेळ राहणार, साधारण पंधरा तास. तरी न्यूयॉर्कमध्ये तो ८ वाजून ३१ मिनिटांनी मावळतो आणि माद्रिदमध्ये ९ वाजून ४८ मिनिटांनी. हा सव्वा तास आला कुठून?

तेव्हापासून दरवर्षी जून आला की मी वही घेऊन बसते आणि निरनिराळ्या शहरांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहून काढते. आज हे सगळं लिहितेय, कारण "अमुक शहरात रात्री दहाला सूर्य मावळतो, नशीबवान लोक" अशा पोस्ट पुन्हा फिरायला लागल्या आहेत. त्या वाचल्या की मला राहवत नाही.

चाळीस अंशांच्या रेषेवरचीच आणखी शहरं घ्या. बीजिंगमध्ये २१ जूनचा सूर्यास्त ७:४६ ला. अंकारामध्ये ८:२० ला. न्यूयॉर्क आणि माद्रिद वर सांगितलीच. आणि त्याच पट्ट्यात, चीनच्या पश्चिम टोकाला असलेल्या काशगरमध्ये रात्री साडेदहाच्या सुमाराला. पाच शहरं, दिनमान सगळ्यांचं जवळपास सारखं, आणि सूर्यास्तांत पावणेतीन तासांचा फरक. यातला एक मिनिटही पृथ्वीच्या कलण्यामुळे आलेला नाही.

दिनमान हा शब्द मला फार आवडतो. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा काळ. आकाश आपल्याला देतं ते एवढंच, आणि त्यात कुणाचा वशिला चालत नाही. पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, म्हणून जसजसं उत्तरेला जावं तसतसं दिनमान वाढतं. पण ते सारख्या चालीने वाढत नाही, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, तिथे २१ जूनचा दिवस बारा तासांपेक्षा जेमतेम दहा-बारा मिनिटांनी मोठा. तिथून माद्रिदपर्यंत एकोणचाळीस अंश वर चढलात की तीन तासांच्या आतच वाढ मिळते. लंडनला दिनमान होतं १६ तास ३८ मिनिटं. लंडनपासून आइसलँडमधलं रेक्याविक फक्त साडेबारा अंश वर आहे, पण तेवढ्यातच साडेचार तास वाढतात आणि दिवस एकवीस तासांच्या पुढे जातो. आणखी साडेपाच अंश वर, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये, साधारण २० मे ते २२ जुलैपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही.

रेक्याविकची नोंद मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा आकडा चुकला असं वाटून दोनदा तपासली होती. २१ जूनला उगवलेला सूर्य तिथे मावळतो रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हणजे २२ तारखेला. आणि तीनला पाच मिनिटं असताना पुन्हा वर येतो.

पण रेक्याविकच्या या "मध्यरात्रीनंतर" मध्येही माणसाचा हात आहेच. आइसलँड ग्रीनिचच्या पश्चिमेला बावीस अंशांवर आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, त्या हिशेबाने तिथलं खरं घड्याळ ग्रीनिचच्या जवळजवळ दीड तास मागे असायला हवं. त्यांनी १९६८ पासून वर्षभर ग्रीनिचचीच वेळ ठेवली आहे. म्हणून तिथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमाराला.

हा "सूर्य डोक्यावर कधी येतो" हा प्रश्न मला सूर्यास्तापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही शहराचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या आणि त्यांच्या बरोबर मधली वेळ काढा. ती बाराच्या आसपास आली तर त्या शहराचं घड्याळ सूर्याला धरून आहे. टोकियोत ती पावणेबारा येते. म्हणून तिथे जूनमध्येही सूर्य संध्याकाळी सातलाच मावळतो आणि पहाटे ४:२५ ला उगवलेला असतो. युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात पुन्हा मागे आणतात, तसं टोकियोत करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं केलं होतं, ते १९५२ मध्ये बंद झालं. माद्रिदची मधली वेळ येते दुपारी सव्वादोन! सूर्याच्या हिशेबाने माद्रिदकर सव्वादोन तास पुढे चालतात. तिथली रात्री दहाची जेवणं ऐकून लोकांना नवल वाटतं, पण सूर्याला विचाराल तर ती पावणेआठची जेवणं आहेत.

माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, म्हणजे सरळ हिशेबाने स्पेनची वेळ लंडनसारखी असायला हवी, आणि १९४० पर्यंत ती तशी होतीही. त्या वर्षी मार्चमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळ एक तास पुढे गेलं आणि बर्लिनशी जुळलं. ते आजतागायत मागे आलेलं नाही. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास चढतो. पॅरिसचंही तसंच. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्याबरोबर जर्मन वेळ शहरात आली. सैन्य गेलं, पण वेळ राहिली. आज पॅरिसमध्ये जूनचा सूर्य दहाला दोन-तीन मिनिटं असताना मावळतो, आणि नदीकाठी बसून तो बघणाऱ्या पर्यटकांना त्या उशिरामागे एक लष्करी ताबा आहे याची कल्पनाही नसते. हे समजल्यापासून तिथल्या सूर्यास्ताचे फोटो मला पूर्वीसारखे दिसत नाहीत.

चीनने १९४९ नंतर सगळ्या देशाला एकच वेळ लावली, बीजिंगची. काशगर बीजिंगपासून चाळीस अंश पश्चिमेला आहे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. तिथले बरेच लोक खासगीत दोन तास मागची स्थानिक वेळ पाळतात. भेटायची वेळ ठरवताना "कुठल्या वेळेने?" असं विचारावं लागतं. चीन आणि अफगाणिस्तानची छोटीशी सीमा आहे, ती ओलांडली की घड्याळ एकदम साडेतीन तास मागे जातं. सूर्य मात्र होता तिथेच असतो.

अमेरिकेतलं एक उदाहरण तर शाळेत शिकवावं इतकं स्वच्छ आहे. बॉस्टन आणि डेट्रॉइट एकाच अक्षांशावर, एकाच टाइमझोनमध्ये. बॉस्टनला सूर्यास्त ८:२५, डेट्रॉइटला ९:१३. फरक ४८ मिनिटांचा. दोन्ही शहरांत अंतर बारा रेखांशांचं. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस. वहीत हे गणित जुळलं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता. भारतातही तसंच आहे. एकाच घड्याळावर कोलकात्याचा जूनमधला सूर्यास्त ६:२३ ला आणि मुंबईचा ७:१८ ला.

आणि "उन्हाळा म्हणजे जून" ही सवय अर्ध्याच जगाची. दक्षिण गोलार्धात लांब दिवस डिसेंबरात येतात. २१ डिसेंबरला सिडनीत सूर्य ८:०५ ला मावळतो, ब्रिस्बेनमध्ये ६:४२ ला. ब्रिस्बेन विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि थोडं पूर्वेलाही, त्यामुळे काही मिनिटं कमी होणारच. पण मोठा तास गेला तो मतपेटीतून. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडच्या लोकांनी १९९२ च्या सार्वमतात घड्याळ पुढे करायला नकार दिला. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिमेच्या पर्थमध्ये तर १९७५ ते २००९ या काळात चार वेळा हाच प्रश्न लोकांसमोर गेला आणि चारही वेळा उत्तर नाही असं आलं.

विषुववृत्तावरच्या शहरांबद्दल कुणी बोलत नाही, कारण तिथे काही बदलत नाही असं धरलेलं असतं. पण सिंगापूरचा सूर्यास्त सात-सव्वासातचा आणि इक्वाडोरच्या किटो शहराचा सहा वीसच्या आसपासचा. दोन्हीकडे दिवस बारा तासांचाच. सिंगापूरने १ जानेवारी १९८२ ला शेजारच्या मलेशियाबरोबर घड्याळ अर्धा तास पुढे नेलं, त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो एक वाजून गेल्यावर. ऋतू नसलेल्या शहरालाही सरकारने कायमची उशिराची संध्याकाळ दिली.

वेळेच्या आकड्यात न दिसणारी एक गोष्ट मात्र पूर्णपणे आकाशाची आहे, ती म्हणजे संधिप्रकाश. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे सिंगापुरात वीस-बावीस मिनिटांत उजेड संपतो. उत्तरेला तो तिरका, क्षितिजाला घासत जातो. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्यास्तानंतर पाऊण तास तरी बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं, आणि खगोलशास्त्रज्ञ ज्याला खरी रात्र म्हणतात ती त्या दिवसांत तिथे होतच नाही, कारण सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जाऊच शकत नाही. सेंट पीटर्सबर्गच्या शुभ्र रात्री त्या याच. दोन शहरांच्या संध्याकाळींची तुलना करायचीच असेल तर ही करा. कातरवेळ किती लांबते, हा प्रश्न "किती वाजता" या प्रश्नापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आता माझं म्हणणं. उशिरा मावळणारा सूर्य ही भेट नाही. संध्याकाळी मिळालेला तास सकाळमधून काढून घेतलेला असतो. १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे न्यावं असं सुचवलं, कारण त्यांना कामावरून आल्यावर कीटक गोळा करायला उजेड हवा होता. ती ओढ मला समजते. पण ज्याला पहाटेच्या उजेडात काम करायचंय त्याचं काय? १९१६ च्या एप्रिलअखेरीला जर्मनीने आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळं पुढे केली ती कीटकांसाठी नव्हे, युद्धात कोळसा वाचावा म्हणून.

आणि शरीर सरकारी राजपत्र वाचत नाही. जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सगळा देश एकाच घड्याळावर चालत असूनही माणसांची झोपण्या-उठण्याची नैसर्गिक वेळ पूर्वेकडून पश्चिमेकडे दर अंशाला चार मिनिटांनी सरकत जाते. म्हणजे ती सूर्यालाच धरून असते. अमेरिकेत टाइमझोनच्या सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्यांची तुलना झाली, तेव्हा सूर्यास्त तासभर उशिरा असलेल्या बाजूचे लोक सरासरी १९ मिनिटं कमी झोपतात असं आढळलं. शाळा आणि कचेऱ्या ठरल्या वेळीच उघडतात, झोप मात्र उशिरा येते. ही १९ मिनिटं रोजची आहेत. मला ती फार वाटतात, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलांची.

म्हणून मी वर्षभर एकच, सूर्याला जवळची वेळ असावी या बाजूची आहे. लांब संध्याकाळ मलाही आवडते, पण ती ज्या शहरात आकाश देतं तिथे खुशाल असावी. हेलसिंकीचा दिवस एकोणीस तासांचा आहे. तिथे घड्याळ तासभर मागे आणलं तरी सूर्य ९:५० पर्यंत राहीलच.

युरोपात हा वाद अर्धवट पडून आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये घेतलेल्या सल्लामसलतीत ४६ लाख लोकांनी मत कळवलं, त्यातले ८४ टक्के घड्याळ फिरवणं बंद करा म्हणाले. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही तसा कौल दिला, २०२१ पासून बंद करायचं म्हणून. पण झालं नाही. कारण स्पेनच्या वीगोपासून पोलंडच्या वॉर्सापर्यंत एकच टाइमझोन ताणलेला आहे. कायम उन्हाळ्याची वेळ ठेवली तर वीगोत डिसेंबरअखेर सूर्य उगवेल सकाळचे दहा वाजून गेल्यावर. कायम हिवाळ्याची ठेवली तर वॉर्सात जूनमध्ये तो येईल पहाटे ३:१४ ला. एका घड्याळात दोन्ही शहरं सुखाने बसत नाहीत, आणि ती बसवण्याचा हट्ट सोडायला कुणी तयार नाही.

वीगोच्या दक्षिणेला मीन्यू नदी आहे. एका काठावर स्पेनचं तुई, समोर पोर्तुगालचं वालेन्सा, मध्ये पूल. जूनमध्ये तुईला सूर्य सव्वादहाच्या सुमाराला मावळतो आणि वालेन्साला सव्वानऊच्या. पुलावर उभं राहून तो बघावा अशी माझी फार इच्छा आहे. हातातलं घड्याळ घरीच ठेवून जाईन.