लंडन ते पॅरिस : ना सव्वीस मिनिटे, ना सव्वादोन तास

युरोपच्या सहलीची आखणी करणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा : लंडन ते पॅरिस अंतर ३४४ किलोमीटर आहे, तेव्हा ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला २६ मिनिटे पुरायला हवीत, तरीही तिकिटावर जाताना सव्वादोन तास आणि परतताना पंधरा मिनिटे दिसतात, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, आणि काही झाले तरी रेल्वेपेक्षा विमानच लवकर पोहोचवते.

अंतराचा आकडा बरोबर आहे, पण तो दोन शहरांच्या मध्यभागांमधील सरळ रेषेचा आहे आणि विमान त्या रेषेवरून जात नाही. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर वारा बहुधा पश्चिमेचा असल्यामुळे विमाने बरेचदा वाऱ्याला सामोरी जात पश्चिमेकडे, म्हणजे पॅरिसकडे पाठ करूनच उड्डाण करतात आणि मग वळतात. दहा हजार फुटांखाली वेग सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, यापुढे नेता येत नाही. पूर्ण वेग गाठून थोडा वेळ जातो न जातो तोच उतरण सुरू होते. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. हे सगळे धरून प्रवास साधारण सव्वा तासाचा होतो, जातानाही आणि येतानाही.

पृथ्वीच्या फिरण्याचे कारण तर स्वतःलाच खोडून काढते. या अक्षांशावर जमीन ताशी हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. हवा तिच्यासोबत फिरत नसती, तर ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला पॅरिस कधीच गाठता आले नसते.

खरे कारण घड्याळात आहे. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची छापतात, आणि पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. सूर्याच्या हिशेबाने या दोन शहरांत जेमतेम दहा मिनिटांचा फरक आहे. एका तासाची तफावत १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर पॅरिसची घड्याळे बर्लिनच्या वेळेला लावली गेली त्याचा वारसा आहे. उन्हाळी वेळेचा बदल दोन्हीकडे एकाच क्षणी होत असल्याने हा फरक वर्षभर टिकतो.

राहिला रेल्वेचा मुद्दा. लंडनपर्यंतचा वेगवान मार्ग २००७ मध्ये पूर्ण झाल्यापासून युरोस्टार ही समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकाला सुमारे सव्वादोन तासांत पोहोचते. ब्रिटन सोडण्याची आणि फ्रान्समध्ये शिरण्याची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच होते, म्हणून पॅरिसला उतरले की थेट शहरात. तासभर आधी पोहोचण्याचा वेळ धरला तरी सव्वातीन तास होतात. विमानासाठी आधी हिथ्रो गाठायचे, सामान द्यायचे, सुरक्षा तपासणी ओलांडायची, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभे राहायचे आणि मग लोकल धरायची, जी प्रवाशाला बहुधा त्याच गार द्यू नॉरला आणून सोडते! यात साडेचार तास सहज जातात.

मुंबईहून हिथ्रोला उतरून लगेच पॅरिसला जाणाऱ्याला मात्र पुढचे विमानच सोयीचे, कारण युरोस्टार धरायची तर त्याला फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाबरोबरच ब्रिटनमध्ये शिरण्याचा व्हिसाही काढावा लागेल.