टोल भरून थांबावे कसे?

न्यू जर्सीत घर आणि फिलाडेल्फियात नोकरी असा संसार थाटलाच आहे, तर रोजच्या जाण्यायेण्यासाठी टॅकोनी-पाल्मायरा पूलच धरा. हितचिंतक तुम्हाला बेट्सी रॉस पुलाचं नाव सुचवतील. डेलावेअर नदीवरच, थोडा खालच्या अंगाला, १९७६ सालचा. हा पूल इतका उंच की खालून जहाज गेलं तरी वरच्याला पत्ता लागत नाही. असल्या पुलावरून जाण्यात काय राम आहे? शिवाय तिथला टोल जास्त. चार पैसे वाचवायचे आणि त्यापायी पाव तास घालवायचा, ही आपली पिढीजात अर्थव्यवस्था आहे. ती सातासमुद्रापार येऊन मोडू नका.

टॅकोनी-पाल्मायरा पूल ऑगस्ट १९२९ मध्ये सुरू झाला. बांधणारे राल्फ मॉजेस्की, म्हणजे तीन वर्षं आधी फिलाडेल्फियाचा बेंजामिन फ्रँकलिन पूल उभारणारेच. इथे त्यांनी नदीवर मोठी पोलादी कमान टाकली आणि तिच्या शेजारी रस्त्याचेच दोन तुकडे असे बसवले, की जहाज आलं की ते मधोमध दुभंगून आकाशाकडे उठतात. प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी त्याच्या तोलाचं वजन असतं, त्यामुळे एवढं लोखंड उचलायला मोटरला फार जोर लागत नाही. तराजूच्या दांडीसारखाच प्रकार. मोटरला भांडायचं ते घर्षणाशी आणि वाऱ्याशी. तुमच्याशी भांडायला फाटकं आहेत.

टोल फक्त पेनसिल्व्हेनियाकडे, म्हणजे फिलाडेल्फियाच्या काठाकडे, जाताना. न्यू जर्सीत शिरायला फुकट, बाहेर पडायला पैसे! हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात नव्या ऑफिसात अवश्य सांगा. सगळे हसतील. नव्या माणसाला दुखवायचं नाही, एवढी रीत तिथेही आहे.

टोलनाका आहे पाल्मायराच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या काठावर. हे नीट लक्षात घ्या, यात फार खोल विचार आहे. आधी पैसे, मग पूल, आणि मध्ये जहाज आलं तर मग दर्शन. पैसे भरलेला माणूस सहसा परत फिरत नाही. देवळात अभिषेकाची पावती फाडलेला भक्त रांग सोडून गेल्याचं कधी पाहिलंत?

आता मुख्य शिकवण. घंटा वाजली, दिवे लाल झाले, फाटक खाली आलं की हॉर्न वाजवू नका. इथे हॉर्नचा अधिकार एकाच पक्षाला आहे. जहाजाने एक लांब आणि एक आखूड भोंगा दिला, की त्याचा कायदेशीर अर्थ होतो ‘उघडा’. पुलाने तसंच उत्तर दिलं तर ‘उघडतो’. पाच आखूड भोंगे म्हणजे ‘जमत नाही’. हल्ली बहुतेक बोलणं रेडिओवर होतं, पण भोंग्यांची ही भाषा अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत रीतसर छापलेली आहे. तुमच्या टोयोटाच्या हॉर्नचा उल्लेख त्यात कुठेही नाही. नदी ही जुनी वाट, हायवे उपरा. त्यामुळे पाण्यावरच्याने मागितलं की रस्त्यावरच्याने थांबायचं, असा साधा न्याय आहे. टोल तुम्ही भरता हा मुद्दा काढून पाहा. जहाज टोल भरत नाही, तरी पुढे जातं. समाजात मान कुणाला असतो हे ज्यांना अजून कळलेलं नाही, त्यांनी मुलांना घेऊन इथे यावं.

अगदीच निराश होऊ नका. त्याच नियमांत असंही लिहिलंय की नुसती अँटेना किंवा तत्सम काही खाली घेऊन बोट जाऊ शकत असेल, तर पूल उघडायला सांगायचं नाही. म्हणजे बोटवाल्यालाही थोडं वाकायला लावलंय.

थांबलातच तर वर बघा. समोरचा रस्ता हळूहळू उभा राहतो. ज्या पट्ट्यांच्या आत राहायला तुम्ही ड्रायव्हिंगच्या परीक्षेत घाम गाळलात, त्या सरळ वर जायला लागतात. शेजारच्या गाडीतला माणूस इंजिन बंद करून सँडविच सोडतो. तो जुना आहे, त्याचं अनुकरण करा. मुलुंडहून आलेले सासरे गाडीत असतील तर ते विचारतील, ‘अहो, आमच्याकडे मुंबईच्या वेशीवरचा टोल छोट्या गाड्यांना २०२४ मध्ये माफ झाला. तुमच्या अमेरिकेत अजून आहे?’ यावर उत्तर देऊ नये. जहाजाकडे बोट दाखवावं. केवढं मोठं आहे बघा बाबा, म्हणावं.

पूल कधी उघडेल हे आधी कळावं अशी हाव धरणाऱ्यांसाठी एक उपाय सांगतो. डेलावेअर नदीला पार वर ट्रेंटनपर्यंत भरती-ओहोटी आहे आणि मोठी जहाजं पाणी बघून निघतात. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तेव्हा फ्रिजवर कालनिर्णयच्या शेजारी भरतीचं वेळापत्रक लावा, तिथी बघून डबा भरा आणि बॉसला बैठकीची वेळ चंद्राप्रमाणे ठेवायला सांगा. ऐकत नसेल तर सोमवारी ‘पूल उघडला होता’ म्हणा. ही सबब लोकल लेट असल्यापेक्षा वजनदार आहे, फक्त त्याच पुलावरून येणारा सहकारी बैठकीत नाही ना हे बघून घ्या.

आता थोडं महत्त्वाकांक्षी वाचकांसाठी. तुम्हाला वाटेल या पुलावर दोनच जाती आहेत, थांबणारे आणि जहाजवाले. तिसरीही होऊन गेली, आणि तिच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. हा पूल मुळात खासगी कंपनीचा. वरच्या अंगाचा बर्लिंग्टन-ब्रिस्टल पूलही तसाच. तो १९३१ चा, त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. १९४८ च्या ऑक्टोबरात बर्लिंग्टन काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, पूल चालवायला एक कमिशन नेमलं. कमिशनच्या सभासदांनी खुर्च्या ऊबदार होण्याचीही वाट पाहिली नाही. नेमणूक झाली त्याच दिवशी दोन्ही पूल विकत घ्यायचं ठरवून टाकलं, किंमत १ कोटी २४ लाख डॉलर. मधल्या मंडळींनी पुलांचे शेअर आधीच गोळा करून ठेवले होते, त्यांना लाखो डॉलर सुटले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्यांनी हा दिवस जरूर लक्षात ठेवावा.

तेव्हा पूल ओलांडण्यात आयुष्य घालवू नका. विकत घ्या आणि विका. थांबायचंच नाही, हे याचं वैशिष्ट्य.

यात एक बारीक अडचण आली. गव्हर्नर आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांनी दावा लावला आणि १९५२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा व्यवहार बेकायदा ठरवला. पण पूल उचलून मूळ मालकाच्या दारात ठेवता येत नाही, उचलता येणारा असला तरी. तो कमिशनकडेच राहिला. टोलही राहिला. खरेदीचे पैसे रोखे काढून उभे केलेले, आणि रोखे फेडायचे ते टोलमधून. दलालांचे वकील होते, कमिशनचे होते, रोखेवाल्यांची बाजूही न्यायालयाने विचारात घेतली. टोल भरणाऱ्या गाडीवाल्याचा वकील कुठे होता म्हणाल, तर तो बहुधा पाल्मायराच्या काठावर फाटकापाशी अडकला असावा.