कार्ड किर्र करतंय म्हणून ते जळणार नाहीये

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. परवा तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, जिथे एरवी पाण्याच्या टँकरपलीकडे विषय जात नाही. मजकुराचं सार असं: ग्राफिक्स कार्डातून (कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) शिट्टीसारखा, रातकिड्यासारखा बारीक आवाज येत असेल तर आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, ढिली झाली आहे आणि कार्ड थोड्या दिवसांचा सोबती आहे. वाचवायचं असेल तर रात्रभर गेमचा मेनू चालू ठेवून कॉइल ‘बसवून’ घ्या. नाहीच बसली तर कार्ड उघडून कॉइलवर नेलपॉलिश नाहीतर ग्लूगन मारा. घराचं अर्थिंग तपासा. आणि पुढच्या वेळी भारीतलं कार्ड घ्या, त्यात हा प्रकार नसतो. शेवटी अर्थातच, पुढे पाठवा.

लोकांची मशीन असेंबल करून देण्यात माझी वीसेक वर्षं गेली. एरवी असल्या मजकुराकडे मी काणाडोळा करतो. पण हा वाचून ओळखीतल्या एका मुलाने आपलं धडधाकट कार्ड निम्म्या किमतीत फुंकलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, कॉइल ढिली झाली आणि कार्ड जाणार. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढलेलं कार्ड कधी पाहिलंत तर मधल्या चिपच्या बाजूला करड्या-काळ्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसेल. त्यांच्यावर ‘आर22’ असलं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे 0.22 मायक्रोहेन्री. ह्याच त्या कॉइल, दुकानात आम्ही त्यांना चोक म्हणतो. एसएमपीएसकडून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, कार्डाला मिळतात 12 व्होल्ट आणि चिपला लागतो जेमतेम 1 व्होल्ट. व्होल्टेज इतकं खाली आणायचं म्हणजे प्रवाह तितकाच वर जातो. 300 वॅटचं कार्ड जोरात पळत असताना त्या इवल्या ठोकळ्यांमधून मिळून दोनशेच्या वर अँपिअर जात असतात. बाथरूममधल्या गिझरचा प्लग 16 अँपिअरचा असतो, त्यावरून काय ते समजा.

एवढा प्रवाह सतत कमीजास्त होत असेल तर चुंबकीय ओढही कमीजास्त होते आणि आतली तार व तिच्याभोवतीचा गाभा अतिसूक्ष्म थरथरतात. चुंबकत्वाने लोखंडाचं मापच किंचित बदलतं, हे जेम्स ज्यूलने 1842 मध्येच पाहिलं होतं. आपल्यालाही ते रोज ऐकू येतं. दुपारच्या शांततेत गल्लीतल्या डीपीजवळ उभे राहा. जो ‘हूंऽऽ’ आवाज येतो तो 100 हर्ट्झचा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो म्हणून दुप्पट. ती डीपी वर्षानुवर्षं घुमतेय. घुमते म्हणून महावितरणने ती बदलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (कार्डावरचे काही सिरॅमिक कपॅसिटरही असेच गातात, त्यांचं कारण जरा वेगळं आहे. मजकूर लिहिणाऱ्याला ते बिचारे माहीतच नसावेत.)

आता खरी गंमत. ह्या कॉइलना वीज तोडून-जोडून देणारं सर्किट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे ती उघडझाप ऐकूच येणार नाही. मग ऐकू येतं ते काय? चिपच्या कामाचा चढउतार. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढायची तर चिपने दम लावायचा, फ्रेम झाली की क्षणभर सैल सोडायचा, पुन्हा दम लावायचा. गेमच्या साध्या मेनूत, जिथे काढायला एक चित्र आणि चार बटणं असतात, कार्ड सेकंदाला 3000 फ्रेम फेकू शकतं. तोच चढउतार 3000 हर्ट्झचा होतो. कान सर्वांत तिखट असतो 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. अगदी नेमका नेम! म्हणून तर भारी गेममध्ये मुकाट असलेलं कार्ड मेनूत शिट्ट्या मारतं. घरच्या मशीनवर भाषा-मॉडेल (चॅटजीपीटीसारखी मजकूर लिहिणारी प्रणाली) चालवणाऱ्यांना तर शब्दागणिक चिकचिक ऐकू येते, जणू आत कुणी टायपिंग करतंय.

थोडक्यात, निरोगी कॉइलही थरथरते. ह्या थरथरीने ती झिजत नाही, गळत नाही, तापत नाही. उलट कार्डाच्या बाबतीत खरोखर धोक्याच्या गोष्टी बहुतेक गुपचूप होतात. 2022 च्या ऑक्टोबरपासून एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स 4090 कार्डांचे पॉवर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्यांतले बरेचसे नीट आतपर्यंत न बसवलेले होते. ते शिट्टी वाजवून वितळले नाहीत. घाबरायचंच असेल तर तडतड आवाजाला, जळक्या वासाला आणि पिवळ्या पडलेल्या कनेक्टरला घाबरा. तसलं काही दिसलं की आधी मेन स्विच बंद, चौकशी नंतर.

दुसरा मुद्दा, रात्रभर मेनू चालवून कॉइल बसवा. ह्याच्याइतका उफराटा सल्ला मी फार दिवसांत वाचला नव्हता. काहीजण सांगतात की नव्या कार्डाचा आवाज महिनाभरात जरा कमी झाला, आणि ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण अशी रात्र काढून खात्रीने आवाज गेला, असं माझ्या टेबलावर एकदाही झालेलं नाही. सकाळी कार्ड तेच गाणं म्हणत होतं, वाढलं ते फक्त विजेचं बिल.

शिवाय मेनू मोकाट सोडणं हे काही देवदर्शन नव्हे. 2021 च्या जुलैमध्ये ‘न्यू वर्ल्ड’ ह्या गेमच्या बीटाच्या, म्हणजे चाचणी आवृत्तीच्या, वेळी काही आरटीएक्स 3090 कार्डं जागच्या जागी मेली. मेनूत फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याला, लगाम नव्हता आणि कार्डं तिथे उधळत होती. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने पुढे त्या नगांच्या सोल्डरिंगला दोष दिला, म्हणजे धडधाकट कार्ड मेनूने मरतं असा ह्याचा अर्थ नाही. पण कुठे कच्चा दुवा असेल तर तो नेमका अशाच वेळी उघडा पडतो. आणि हा मजकूर म्हणतो, झोपायला जाताना हेच करा.

करायचं ते ह्याच्या बरोब्बर उलटं. फ्रेमरेट बांधून टाका. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ नावाचा पर्याय 2020 पासून आहे. एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड असणाऱ्यांना त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेडिऑन चिल’ मिळेल. तुमचा मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा, असेल तर 140 वर बांधा. त्याच्या वरच्या फ्रेम तुम्हाला तशाही पूर्ण दिसत नाहीत. माझ्याकडे आलेल्या दहापैकी सहा-सात तक्रारी इथेच मिटतात आणि पाच मिनिटांचे पैसे मागायची मला लाज वाटते. उरलेल्यांसाठी एमएसआय आफ्टरबर्नर ह्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खायची ती मर्यादा) 80 टक्क्यांवर आणून पाहा. आणखी एक पाऊल पुढे म्हणजे अंडरव्होल्ट: कार्डाला तेवढ्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज द्यायचं. प्रवाह उतरतो, थरथर उतरते, कार्ड थंड राहतं. गेम लटकायला लागला तर एक पायरी मागे या. आवाज पूर्ण जाईल अशी हमी मात्र मी देत नाही. काही कार्डं नुसती कुजबुजायला लागतात, काही आपला सूर तेवढा बदलतात.

तिसरा मुद्दा, नेलपॉलिश आणि ग्लूगन. पूर्वीच्या मदरबोर्डांवर गोल कड्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळलेल्या कॉइल असत. तारेचा वेढा खरंच सुटा असेल तर चिकट पदार्थाने तो धरून ठेवता येई. हा सल्ला त्या काळातून वाहत आलाय. आजच्या कार्डावरचा चोक म्हणजे दाबून घट्ट केलेल्या चुंबकीय भुकटीत पुरलेली तार. बाहेरून कितीही लिंपलंत तरी आत काही पोहोचत नाही.

दिवाळीच्या आधी एका काकांनी पिशवीतून कार्ड आणलं. “भाच्याने यूट्यूबवर बघून केलंय,” म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. पंखे काढले तर चोकच्या रांगेवर ग्लूगनचे पांढरे लोळे, जिलबी घालावी तसे. काही लोळे थर्मल पॅडच्या (उष्णता हीटसिंकला पोहोचवणाऱ्या मऊ पट्टीच्या) जागी गेलेले, त्यामुळे हीटसिंक टेकतच नव्हता. मेमरी उघड्यावर तापत होती. लोळे खरवडले, नवे पॅड टाकले, चाचणी लावली. किर्रऽऽ. आवाज आपल्या जागी होता! गेली होती ती वॉरंटी. काका म्हणाले, “म्हणजे एवढं करून ते तसंच?” मी फ्रेमरेट 75 वर बांधून दाखवला. त्यांनी कान कार्डाजवळ नेला आणि विचारलं, “हे एवढंच होतं?” भाच्याला काय सांगितलं असेल, देव जाणे.

चौथा मुद्दा, अर्थिंग. अर्थिंग नीट असावंच, त्यावर वाद नाही. पण ठोकळ्याची थरथर हवेतून कानाला येते, तिला जमिनीत पुरलेली तांब्याची पट्टी काय करणार? इथे दोन वेगळे आवाज एकत्र कालवलेत. हेडफोन काढून ठेवा. उघड्या कानाला आवाज येत असेल तर तो कॉइलचा. हेडफोनमध्येच येत असेल, माउस हलवला की चिरचिरत असेल, तर तो विजेचा गोंगाट ऑडिओच्या वाटेत शिरलाय. तिथे अर्थिंग किंवा एखादं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड उपयोगी पडतं.

मजकुराने न सांगितलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे महत्त्वाची आहे. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सीलिंग फॅन कसा घूंऽऽ करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरचा एसएमपीएसही त्या विजेवर कुरकुरतो. फक्त लाइट गेल्यावरच आवाज येत असेल तर कार्डाला बोल लावू नका. एरवी आवाज कार्डाचा की एसएमपीएसचा हे ओळखायचं असेल तर कागदाची लांब सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटभर फिरवा. बारीक आवाज सरळ रेषेत येतो, जागा पटकन सापडते. सुरळी पंख्यात घालू नका, हे सांगावं लागतंय कारण एकाने घातली होती.

पाचवा मुद्दा, भारीतल्या कार्डात हे नसतं. उलट भारी कार्ड जास्त वॅट खातं, त्यामुळे त्यात चढउतारही मोठा. एकाच मॉडेलची, एकाच खोक्यातून आलेली दोन कार्डं मी शेजारी शेजारी लावली आहेत. एक गप्प, दुसरं गात होतं. चांगल्या चोकने शक्यता कमी होते, पण शेवटी ती सोडतच.

आणि ‘माझ्या कार्डाला आवाज नाही’ असं सांगणाऱ्याचं वयही विचारा. जुन्या डब्बा टीव्हीच्या आतला फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर 15,625 हर्ट्झवर शीळ घालायचा. लहानपणी मला जिन्यातूनच कळायचं की शेजारी टीव्ही लागलाय, आवाज बंद असला तरी. आई म्हणायची, तुला भास होतात. आज माझी मुलगी चार्जर शीळ घालतोय म्हणून तक्रार करते आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. चाळिशी ओलांडलेल्याने ‘कार्ड एकदम शांत आहे’ म्हणून दिलेल्या प्रशस्तिपत्राला कितपत किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकाला मशीन देण्याआधी मी हल्ली दुकानातल्या पोराला ऐकायला बसवतो.

राहिला बदलून घ्यायचा प्रश्न. नुसत्या कॉइलच्या आवाजाला कंपन्या सहसा दोष मानत नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांनी सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडण्यात हशील नाही. जे काही करायचं ते विक्रेत्याने परत करायला दिलेल्या मुदतीतच. कार्ड आलं की त्याच दिवशी खोली शांत करा, पंखा बंद करा, कॅबिनेटचं झाकण लावा आणि नेहमी बसता तिथे बसून, फ्रेमरेट बांधून, तुमचाच गेम तासभर खेळा. कॅबिनेट टेबलाखाली ठेवूनही पाहा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. तरीही त्रास होत असेल तर व्हिडिओ काढा. फोन खुर्चीच्या उंचीवर ठेवा, कार्डाला चिकटवू नका, आणि स्क्रीनवर फ्रेमरेटचा आकडा दिसू द्या. मेनूतल्या 3000 फ्रेमच्या व्हिडिओवर विक्रेता हसतो. 60 वर बांधलेला असतानाही चार फुटांवरून शिट्टी ऐकू येत असेल, तर त्याला निदान उत्तर द्यावं लागतं.