शेवट उंच हवा

घरचा पत्ता सांगताना मी गेली 22 वर्षं एकच खूण देतो. मानपाड्याजवळ घोडबंदर रोड सोडून आत वळा आणि आता पुढे जाताच येत नाही, इथवर या. तिथं आम्ही.

फ्लॅट घेताना बायकोला याच गोष्टीवर पटवलं होतं. वर्दळ नाही, हॉर्न नाही, आणि चुकून गल्लीत शिरलेला माणूस आमच्याच गेटसमोर गाडी वळवणार, म्हणजे गॅलरीत बसून करमणूक फुकट. ठाणे महापालिका 1982 ची, आमची बिल्डिंग तिच्याही आधीची. ती आपणहून खाली येण्याआधी आपणच तिला खाली आणू, असं यंदा सर्वानुमते ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून पुनर्विकासाची फाइल माझ्या काखेत आली.

"काका, तुमची गल्ली लांब आहे," आर्किटेक्ट मुलगी पहिल्याच भेटीत म्हणाली. गल्ली अरुंद आहे, खड्ड्यांची आहे, हे ऐकायची सवय होती. लांब आहे, हा आरोप नवा होता.

2020 च्या डिसेंबरात आलेल्या विकास नियमावलीत बंद गल्लीला कल-डी-सॅक म्हणतात. आमचे खजिनदार इतिवृत्तात 'कल्डी शाक' लिहितात. वाचताना उंधियूची आठवण येते. मूळ फ्रेंच अर्थ पिशवीचं बूड. आमच्या गल्लीला याहून नेमकं नाव नाही, कारण वरच्या बिल्डिंगांचं सगळं इथंच येऊन साचतं. तर या बुडाची लांबी एरवी 150 मीटर, फार तर 275. तीही 150 मीटरवर गाडी वळवायला 81 चौरस मीटर जागा सोडली तर, आणि त्या जागेची कुठलीही बाजू 9 मीटरपेक्षा कमी नको. कारण रास्त आहे. अग्निशमनाची गाडी आत आली तर तिला तोंड फिरवून बाहेर पडता आलं पाहिजे. आमच्याकडे सध्या घंटागाडी येते ती तोंडानं आणि जाते ती पाठीनं, पिपाणी वाजवत.

मोजणी रविवारी झाली. 30 मीटरची टेप, एका टोकाला वॉचमन, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये खडूच्या खुणा पुसत चालणारं गल्लीतलं कुत्रं. पहिल्या खेपेला 287 भरले. खजिनदार म्हणाले, खड्ड्यात टेप झोल खाते, ताणून धरा. ताणून धरल्यावर 293. शेवटी आर्किटेक्टच्या तिपाईवरच्या यंत्रानं 290 वर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे गल्ली 15 मीटर जास्त. गल्लीच्या शेवटी नाला, तिकडून वाट निघत नाही. उरला एकच मार्ग, हार्डशिपमध्ये, म्हणजे अडचण दाखवून, सूट मागणे.

"पण हार्डशिप स्पष्ट दिसली पाहिजे," ती म्हणाली. मी सभेत सांगितलं, ज्याला जो त्रास असेल तो लिहून द्या. 19 अर्ज आले. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी गुडघे लिहिले. एकाने पार्किंगवरून शेजारी. एका अर्जात नुसतंच 'सूनबाई' होतं, खाली सही. आर्किटेक्टनं सगळे वाचले आणि हळूच परत दिले. त्रास जागेचा हवा, माणसांचा चालत नाही. शिवाय या सवलतीमुळे आगीच्या सुरक्षेला धक्का लागता कामा नये. लांबीची मर्यादा आगीच्या बंबासाठी आणि मर्यादेतून सूट मागायची ती बंबाला त्रास न देता. मी दोनदा समजावून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

मग तिनं आणखी एक कलम काढलं. बंद गल्लीचा शेवट सुरुवातीपेक्षा उंच हवा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर वाहून जातं. मी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार छताकडे पाहू लागले. दरवर्षी जुलैत सबंध गल्लीच्या चपला आमच्या गेटाशी जमा होतात आणि मालक येऊन आपापल्या ओळखून नेतात, हे तिला कुणी सांगावं? तरी गवंड्याला बोलावून पाण्याची पारदर्शक नळी लावली. दोन्ही टोकांचं पाणी स्थिर होईपर्यंत अख्खी कमिटी श्वास धरून उभी होती. आमचं टोक चांगलं वीतभर खाली निघालं. "पेव्हर ब्लॉक टाकून उचलू," खजिनदार म्हणाले. तसं केलं तर पाणी तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जाईल, आणि काकूंचा अर्ज त्या 19 मध्ये आधीच होता.

परवा धो धो पाऊस झाला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गेटावर उभा राहिलो आणि 43 फोटो काढले. पाण्यात अर्धी बुडालेली स्कूटर, तरंगणारी कुंडी, खांद्यावर नातू घेतलेले आजोबा. याहून स्पष्ट हार्डशिप काय दिसायची? धन्य वाटत होतं. रात्रीच सगळे आर्किटेक्टला पाठवले.

लगेच फोन आला. "काका, हे कुणाला दाखवू नका. शेवट खाली आहे हे यात सिद्धच होतंय. कोरड्यातले पाठवा."

कोरड्यातले पाठवले. स्वच्छ ऊन, रिकामी गल्ली, गेटाशी झोपलेलं कुत्रं.

पुन्हा फोन. "छान आलेत. पण काका, यात हार्डशिप कुठाय?"