टीकोझी कुठल्याच किटलीवर चढली नाही, त्याची गोष्ट

आईने शिवणक्लासात भरलेली एक टीकोझी, म्हणजे चहाची किटली गार होऊ नये म्हणून तिच्यावर घालायची कापडी टोपी, आमच्या शोकेसमध्ये आहे. पिवळं साटिन, गाठीच्या टाक्यांची फुलं, आत कापूस. ती कधी वापरलीच नाही. आमचा चहा पातेल्यात उकळतो आणि गाळणीतून थेट कपात जातो, त्याला गार व्हायला सवड कुठे?

चिनी लोकांनाही हे झाकण लागत नसणार, असं मी बरीच वर्षं ठासून सांगायचे. (चहा हा शब्द त्यांच्याच ‘छा’वरून आला, तेव्हा त्यांची बाजू घ्यायला हवीच.) दक्षिण चीनमधल्या छाओचौकडची गोंगफू ही चहा करायची पद्धत बघा. यीशिंग गावच्या मातीची मुठीएवढी किटली, ठासून पत्ती, गरम पाणी घालून काही सेकंदांत ओतून घ्यायचं, मग पुन्हा नवं पाणी. ऊब हवी तर किटलीवरूनच उकळतं पाणी ओततात.

पण मोठ्या किटलीतला चहा पुरवून पुरवून पिणारी घरंही तिथे होती, आणि त्यांच्याकडे वेताची टोपली असायची. आत कापडाची जाड गादी, मधोमध किटलीच्या मापाचा खळगा, तोटी तेवढी बाहेर. एकोणिसाव्या शतकात अशा टोपल्या किटली-कपांसकट चीनच्या कँटन बंदरातून परदेशी गेल्या.

माझ्या मते टीकोझीपेक्षा ही टोपलीच शहाणी. टोपली नुसती तिरकी केली की कप भरतो. इंग्रजी टोपी मात्र दर कपाला उचला आणि जपलेली ऊब घालवा! शिवाय पत्ती आतच राहिली तर चहा मुरत जातो आणि तिसरा कप कडूशार होतो. दुपारच्या चहाचा थाट इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास सुरू झाला, बेडफर्डच्या डचेसमुळे असं म्हणतात. गप्पा लांबल्या, किटली गार होऊ लागली, आणि भरतकाम येणाऱ्या बायकांना एक नवं निमित्त मिळालं.

रशियनांना मात्र मी माफ करते. त्यांच्या किटलीवर घेरदार झग्याची कापडी बाहुली बसते. आतला चहा मुळातच अर्कासारखा कडक असतो, कपात थोडा घेऊन समोवारचं, म्हणजे पाणी तापवायच्या त्यांच्या भांड्यातलं, गरम पाणी मिसळायचं. मुरला तर मुरू दे! उत्तर जर्मनीतल्या पूर्व फ्रिसलंडवाल्यांनी तर कापडाची भानगडच ठेवली नाही. किटलीखाली स्टँड, त्यात मेणबत्ती. कपात आधी खडीसाखर, वर गरम चहा ओतला की ती तडतडते.

हे सगळं परवा आईला ऐकवलं. ती म्हणाली, “मग आण की एखादी किटली. मी काय शोकेससाठी भरली होती?”