ब्लूपर नशिबावर पोहत नाही

सुपर मारिओ ब्रदर्सचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: पाण्याखालचा ब्लूपर, म्हणजे तो पांढरा, माकुळासारखा प्राणी, मनाला येईल तसा पोहतो. त्याच्या हालचालीला नियम नाही. पाण्यात तो मरत नाही, वर शाई मारतो, आणि 7-2 मध्ये, म्हणजे सातव्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, तर गेम चक्क फसवतो. म्हणून पाण्याची लेव्हल पार होणं हा निव्वळ नशिबाचा भाग.

हा गेम निन्टेंडोने सप्टेंबर 1985 मध्ये जपानात आणला. आपल्याकडे तो बहुतेकांनी पुढे स्वस्तातल्या यंत्रांवर, एका कॅसेटमध्ये अनेक गेम असायचे त्या काळात खेळला. तेव्हा ब्लूपरच्या पोटात काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. आता आहे. चाहत्यांनी या गेमचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ उलगडून, टिपा लावून सगळ्यांसमोर ठेवला आहे. तो वाचला की वरच्या मजकुरातलं फारच थोडं शिल्लक राहतं.

सगळ्यात मोठा मुद्दा आधी घेतो. हालचालीला नियम नाही म्हणे! नियम आहे, आणि तो अगदी साधा आहे. ब्लूपर तिरका वर झेपावतो आणि मग सरळ खाली बुडत येतो. एक झेप साधारण 32 पिक्सेल वर आणि तेवढीच बाजूला, म्हणजे दोन-दोन विटा. बुडताना मात्र तो आडवा मुळीच सरकत नाही. दर दोन फ्रेमला (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र, सेकंदाला साधारण साठ) एक पिक्सेल, इतक्या सावकाश उतरतो. आणि कुठवर उतरतो? तर तुमच्या उंचीवर. मारिओ आणि त्याच्यात 16 पिक्सेलचा, एका विटेचा फरक उरला की तो उतरणं थांबवतो आणि पुन्हा झेपावतो. म्हणजे तो किती खोल येणार, हे तुम्ही कुठे आहात यावरच ठरतं.

यातूनच तळाची ती जुनी युक्ती निघते. मारिओ छोटा असला तरी गेम त्याची उंची मोठ्या मारिओच्या डोक्यापासूनच धरतो. त्यामुळे छोटा मारिओ तळावर पाय टेकून उभा असेल तर ब्लूपर त्याच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर पुन्हा झेपावतो. मोठ्या मारिओला हा भरवसा नाही, कारण त्याचं डोकं खरोखरच तिथे असतं. घाबरून बटण बडवत वर पोहणारा माणूस नेमका ब्लूपरच्या झेपेच्या वाटेत जातो. तो मरतो आणि म्हणतो, नशीब! तळावर धोका आहे तो खड्ड्यांचा. तिथला भोवरा खाली ओढतो आणि त्यातून निघायला भराभर बटण दाबावंच लागतं. पण तो खड्ड्याचा दोष झाला, ब्लूपरचा नाही.

मग तो डावीकडे जाणार की उजवीकडे? गोंधळ खरा इथे आहे, आणि हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. गेममध्ये शत्रूंसाठी ठरावीक जागा असतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवरचा ब्लूपर मारिओ ज्या बाजूला असेल तिकडे वळतो. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरचा तसं करत नाही. मारिओ ज्या दिशेने जात असेल, तीच दिशा तो धरतो. दिसायला दोघे हुबेहूब सारखे, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की एकच प्राणी लहर फिरेल तसा वागतोय. शिवाय या दुसऱ्या प्रकारचा ब्लूपर तुमच्या पुढे असताना तुम्ही भिऊन मागे फिरलात, की तोही मागे, म्हणजे तुमच्याच अंगावर येतो. पुढे जात राहिलात तर तो पुढेच सरकतो. माघार घेणं महागात पडतं ते यामुळे.

यादृच्छिकता अजिबात नाही असं मी म्हणत नाही. दिशेचा फेरविचार नेमका कोणत्या फ्रेमला करायचा, एवढंच गेम आकड्यांवर सोपवतो. तेही आकडे खरे नशिबाचे नाहीत. सात बाइटांची एक साखळी दर फ्रेमला एक बिट पुढे सरकते आणि गेम चालू करताना तिची सुरुवात दर वेळी एकाच ठरलेल्या आकड्यापासून होते. त्याच फ्रेमला तीच बटणं दाबली तर ब्लूपर तसाच वागणार. प्रत्येक फ्रेमची बटणं आधी लिहून ठेवून विक्रम रचणारे लोक याच भरवशावर काम करतात.

आता 7-2 चा आरोप. नकाशा 2-2 चाच आहे, हे खरं. अख्खा गेम 40 किलोबाइटांत बसवायचा होता, तेव्हा नकाशे पुन्हा वापरले गेले यात नवल नाही. 5-3 पासून पुढे गेम एक कठीण अवस्था चालू करतो. तिच्यात दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे जास्तीचे ब्लूपर येतात. दुसरी डोळ्यांना दिसत नाही, पण तीच अधिक जाचक. आधी दर फ्रेमला चौसष्टात एक, म्हणजे सेकंदाला साधारण एकदा दिशेचा फेरविचार व्हायचा. आता तो चारात एक, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा होतो. ब्लूपरचा वेग वाढत नाही, त्याची झेप तेवढीच राहते. तो फक्त चुकीच्या बाजूला फार वेळ जात नाही. याला अवघड म्हणा, फसवणूक नाही.

पाण्यात मरत नाही, हे अर्धसत्य. उडी मारून चिरडता येत नाही, वरून टेकलात तरी इजा तुम्हालाच होते. पण फायर फ्लॉवर, म्हणजे आगीचे गोळे फेकू देणारं फूल, सोबत नेलं असेल तर एका गोळ्यात तो संपतो. आणि शाईचं म्हणाल तर 1985 च्या ब्लूपरकडे शाई नाहीच. स्क्रीनवर शाई फासणारा ब्लूपर 2005 च्या मारिओ कार्ट डीएसमधला. दोन गेमच्या आठवणी एकमेकांत मिसळल्या आहेत.

तरीही इतक्या जणांना हा मजकूर पटतो, आणि त्यामागे मला एक ठोस कारण दिसतं. बहुतेक जण 1-2 मधल्या वॉर्प झोनमधून, म्हणजे मधली जगं गाळून पुढे नेणाऱ्या गुप्त वाटेने, चौथ्या जगात जायचे आणि 4-2 मधून थेट आठव्यात. या वाटेवर 2-2 लागतच नाही. सेकंदाला एकदाच वळणारा, शिकवणारा ब्लूपर त्यांना कधी भेटलाच नाही. त्यांची पहिली भेट थेट 8-4 च्या पाण्यात झाली. तो टप्पा टाळता येत नाही, तिथे फिरत्या आगीच्या साखळ्या आहेत, आणि ब्लूपर सेकंदाला पंधरा वेळा दिशा तपासतोय. तिथे मेलेल्या माणसाला सगळं नशिबाचं वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. पण असा अनुभव असणाऱ्यांनी एकदा वॉर्प न घेता 2-2 मध्ये जावं, छोट्या मारिओला खड्ड्यापासून दूर तळावर उभं करावं आणि काहीही न दाबता ब्लूपरला डोक्यावर येऊ द्यावं.