पिकअप नेमका कशाला म्हणायचा?

आमचा कट्टा एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर भरतो आणि समोरच सिग्नल असल्यामुळे विषय शोधायला कोणाला लांब जावे लागत नाही. परवा संध्याकाळी हिरवा दिवा लागताच हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे विजेवर चालणारी एक गाडी आवाज न करता चौक ओलांडून गेली, आणि तिच्या बाजूला उभी असलेली डिझेल गाडी क्लच सुटेपर्यंत नाक किंचित उचलून जागीच गुरगुरत राहिली. एवढ्यावरून कोणत्या गाडीचा पिकअप, म्हणजे झटकन वेग घेण्याची ताकद, जास्त यावर जो वाद पेटला तो दिवेलागणीनंतरही तासभर चालला. (मूळ चर्चेतील काही विशेषणे येथे गाळली आहेत.)

आमच्यातला एक मित्र गॅरेज चालवतो. त्याचे म्हणणे असे, की चौकातले पहिले पन्नास फूट म्हणजे पिकअप नव्हे. खरा दम टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळात असतो आणि तो डिझेलचाच. पुराव्यादाखल त्याने एकाच गाडीच्या दोन अवतारांचे आकडे सांगितले. २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीचा, म्हणजे विजेवरच्या नेक्सॉनचा टॉर्क २४५ न्यूटन-मीटर, तर त्याच काळातल्या दीड लिटरच्या डिझेल नेक्सॉनचा २६०. "आता पंधरा न्यूटन-मीटर जास्त असलेली गाडी मागे कशी पडेल, ते मला समजावून सांगा," असे म्हणून त्याने चहाचा ग्लास ओट्यावर आपटला.

ती विजेची गाडी आमच्या बँकेतल्या मैत्रिणीकडे आहे. तिने शांतपणे विचारले, "तुझे २६० किती फेऱ्यांना मिळतात?" उत्तर त्यालाही ठाऊक होते : मिनिटाला १५०० ते २७५० फेऱ्यांच्या दरम्यान. सिग्नलला उभे असलेले इंजिन आठशेच्या आसपास फिरत असते. इंजिनात जादा हवा भरणारा टर्बो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे धूर पुरेसा वाहू लागल्याशिवाय तो हवा कोंबत नाही आणि हवा नसेल तर जास्तीचे डिझेल जाळता येत नाही. विजेच्या गाडीच्या मोटारीत ओढ निर्माण होते ती गुंडाळीतल्या विद्युतप्रवाहामुळे, आणि तो प्रवाह चाक स्थिर असतानाही पूर्ण देता येतो. म्हणून तिचे २४५ शून्यापासून हजर असतात.

येथपर्यंतचा मुद्दा बहुतेकांना माहीत असतो आणि बहुतेक वाद येथेच संपतात. गॅरेजवाला मात्र कसलेला आहे. तो म्हणाला, "चाकापर्यंत जातो तो इंजिनाचा टॉर्क गिअरने गुणून, हे विसरू नका." हे अगदी खरे आहे, म्हणून मी पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. अशा आकाराच्या डिझेल गाडीत पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) पंधराच्या आसपास धरले, तर चाकाशी सुमारे ३,९०० न्यूटन-मीटर येतात. विजेच्या गाडीला एकच गिअर, गुणोत्तर दहाच्या आतले, म्हणजे साधारण २,४००. डिझेल जिंकली! मित्राचा चेहरा खुलला आणि मैत्रीण पहिल्यांदाच गप्प झाली.

पण तोच हिशेब पुढे नेला तेव्हा चित्र पालटले. पहिला गिअर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरलाच संपतो. दुसऱ्यात गुणोत्तर आठवर येते, तिसऱ्यात पाचाच्या आसपास, आणि मग चाकाशी उरतात जेमतेम १,३००. सत्तरच्या वेगाला विजेची गाडी, मोटारीची ओढ वेगाबरोबर घटत असूनही, आपल्या १२९ पीएस (अश्वशक्तीसारखेच माप) शक्तीच्या बळावर सोळाशेच्या घरात असते. शिवाय प्रत्येक गिअर बदलताना क्लच दाबला, की तेवढा वेळ चाकाला काहीच मिळत नाही. शंभरपर्यंत जाताना हे किमान दोनदा घडते.

माझ्या मते सगळा घोळ टॉर्क या एका आकड्यावर अडून बसल्यामुळे होतो. १,४०० किलोची गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरवर न्यायची, तर हवेचा आणि रस्त्याचा विरोध सोडूनही तिच्यात सुमारे ५.४ लाख ज्यूल ऊर्जा भरावी लागते. नेक्सॉन ईव्हीसाठी कंपनीने सांगितलेला वेळ ९.९ सेकंदांचा, म्हणजे सरासरी ५५ किलोवॅट, आणि मोटारीची कमाल क्षमता ९५. डिझेलची कमाल ११० पीएस, म्हणजे ८१ किलोवॅट. ती शंभर किलोने हलकी धरली तरी तेवढ्याच वेळात पोहोचण्यासाठी तिला सरासरी ५१ किलोवॅट द्यावे लागतील, तेही क्लच, टर्बोसाठी थांबणे आणि गिअरबदल सांभाळून. कमाल आकडा एका क्षणाचा असतो. शर्यत सरासरीची असते.

इतका वेळ नाना ऐकत होते. ते पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल लोको शेडमधून (रेल्वे इंजिनांच्या देखभालीच्या कारखान्यातून) निवृत्त झाले आहेत आणि डिझेलविषयी त्यांना जेवढे प्रेम आहे तेवढे गॅरेजवाल्यालाही नसेल. ते म्हणाले, "अरे, रेल्वेच्या आमच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोला डिझेल इंजिन होते, सोळा सिलिंडरचे, २,६०० अश्वशक्तीचे. पण ते चाक फिरवत नव्हते. ते जनरेटर फिरवायचे आणि चाकांवर बसलेल्या होत्या विजेच्या मोटारी. हजारो टनांची मालगाडी जागची हलवायला कोणता क्लच टिकला असता? १९६२ पासून ही इंजिने आपल्याकडे धावली आणि तुम्ही त्यांना डिझेलच म्हणत राहिलात."

यावर गॅरेजवाला बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने जे सांगितले ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले : "पण टर्बो उघडल्यावर पाठीत जो धक्का बसतो, तो हिच्या गाडीत बसत नाही." खरे आहे. शरीराला वेगवाढीपेक्षा वेगवाढीतला बदल जास्त जाणवतो. आधी काहीच नाही आणि मग एकदम ओढ, असे झाले की गाडी प्रत्यक्षात आहे त्याहून जोरकस वाटते.

मैत्रिणीनेही एक गोष्ट कबूल केली. बॅटरी तळाला गेली की तिचा विद्युतदाब उतरतो, गाडी स्वतःच शक्ती आवरती घेते, आणि मग पाच माणसे व भरलेली डिकी घेऊन घाट चढताना ओव्हरटेक करायला पाय दाबला तरी नेहमीचे उत्तर मिळत नाही. डिझेलची टाकी रिझर्व्हला आली तरी इंजिनाला त्याची खबर नसते. गॅरेजवाल्याने हा मुद्दा लगेच उचलला, आणि "किती टक्के बॅटरीवर ९.९ सेकंद?" या प्रश्नावर दोघे पुन्हा भिडले.